सात प्रश्नांचं झाड

शोकसभा चारला होती आणि साडेचारला सुरू झाली, म्हणजे गणित विभागाच्या रीतीने वेळेवरच. विभागप्रमुख उठले, माइकवर टिचकी मारली, चष्मा लावला, खिशातून चार पानी भाषण काढलं आणि म्हणाले, "सरांबद्दल मी काय बोलणार? माझ्याकडे शब्दच नाहीत." पुढची पंचवीस मिनिटं ते शब्द नसल्याबद्दल बोलले.

पहिल्या रांगेत गेलेल्या प्राध्यापकांची मुलगी आणि बहीण बसल्या होत्या. बहीण म्हणजे मुलीची आत्या. ती मुलीच्या कानाशी लागली.

"भाऊ याला काय म्हणायचा गं?"

"घोकू."

"हां, घोकू. विसरलेच होते."

आत्या काही विसरली नव्हती. तिला ते नाव सभागृहात एकदा उच्चारून घ्यायचं होतं, एवढंच. मागच्या रांगेतला एक सहायक प्राध्यापक खोकल्याच्या आडून हसला.

"सर म्हणजे वटवृक्ष," घोकू सांगत होता. "आम्ही त्यांच्या सावलीत वाढलो. आणि सरांची शिकवण आम्ही विसरलेलो नाही. आजही आमच्या विभागात कुठलाही कच्चा मसुदा पाठकोऱ्या कागदावरच छापला जातो!"

टाळ्या पडल्या. चौतीस वर्षं शिकवून माणूस मागे काय ठेवून जातो, तर कागदाची बचत.

वटवृक्षाचं मुलीला नवल वाटलं नाही. मेलेल्या माणसाला भाषणात झाडच करतात. डोंगर केला तर तो जड होतो. पण बाबांनी जन्मभर ज्या झाडांवर काम केलं त्यांना सावली नसते. ती कागदावर काढतात, आणि काढतातही उलटी: मूळ वर, पानं खाली. मुळाशी एक प्रश्न असतो. उत्तर 'हो' असेल तर डावी फांदी, 'नाही' असेल तर उजवी. फांदीच्या टोकाला पुढचा प्रश्न. असं उतरत उतरत पानापाशी पोचलं की तिथे निर्णय लिहिलेला असतो. त्याला निर्णयवृक्ष म्हणतात. कुठला प्रश्न आधी विचारायचा, आणि कुठला विचारायचाच नाही, एवढ्या एका गोष्टीवर बाबांनी आयुष्य घालवलं. नातेवाइकांना ते कळत नसे. "म्हणजे नक्की शिकवतोस काय?" असं विचारणाऱ्या एका मामांना बाबांनी शांतपणे सांगितलं होतं, "कमी बोलायला."

त्यांचं खास काम छाटणीचं. झाड मोकाट वाढू दिलं की ते समोरची माहिती शिकत नाही, पाठ करतं. गाईड पाठ करणारा मुलगा असतो ना, तसं; पेपरात आंब्यांच्या जागी पेरू आले की त्याची दांडी गुल. म्हणून फांद्या छाटायच्या. आणि झाड शिकलंय की नुसतं घोकलंय, हे बघायला थोडी माहिती आधीच बाजूला काढून ठेवायची. झाड पूर्ण झालं की ती एकदाच उघडायची. एकदाच. परीक्षेचा पेपर आधी बघितला तर ती परीक्षा उरत नाही, हे पहिलीतल्या पोराला कळतं. विद्वानांना मात्र ते दर पिढीला नव्याने पटवावं लागतं.

पटवून घ्यायला फारसं कोणी तयार नव्हतं, त्यामुळे बाबांची बढती तीनदा हुकली. पहिल्यांदा निवड समितीने विचारलं, "निबंध अकराच?" बाबा म्हणाले, "छाटणी केली." समितीत कोणी हसलं नाही. तिसऱ्यांदा ती जागा घोकूला मिळाली. घोकूचे निबंध एकशे चाळीस होते. त्यातले काही त्याने वाचलेही असावेत.

बाबांच्या अकरा निबंधांत एक मात्र नव्हता, तोच खरा. मुलगी चौदा वर्षांची असताना त्यांनी एका इस्पितळातून बाराशे जुने केसपेपर आणले होते: छातीत दुखतं म्हणून आलेली बाराशे माणसं. कोणाला दाखल करून घ्यायला हवं होतं आणि कोण घरी थांबलं असतं तरी चाललं असतं, हे मागाहून सगळ्यांचं कळलेलं होतं. प्रश्न एवढाच, की ते आधी कळावं म्हणून कमीत कमी काय विचारावं? उन्हाळ्याच्या सुट्टीभर बापलेकींनी जमिनीवर बसून कात्रीने केसपेपरवरची नावं कापून काढली. मग मुलीने पत्ते पिसावेत तसे ते गठ्ठे पिसले आणि डोळे मिटून दोनशे चाळीस बाजूला काढले. बाराशेचा पाचवा हिस्सा. तो एका जाड खाकी पाकिटात भरला. पाकिटाच्या तोंडावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर आडवी सही. सही मुलीची.

"माझी का? तुमची करा ना," ती म्हणाली होती.

"माझी सही मी कधीही पुन्हा करू शकतो," बाबा म्हणाले. "तुझी मला जमणार नाही."

त्या पाकिटाला हात न लावता बाबा बावीस वर्षं उरलेल्या नऊशे साठ कागदांवर झाड वाढवत आणि छाटत राहिले. पंचवीस प्रश्नांचं झालं, चौदाचं झालं, पुन्हा एकोणीसवर गेलं. विभागात त्यांना 'पाकीट सर' म्हणू लागले. निवृत्तीनंतर त्यांना जिन्याखालची एक खोली मानद म्हणून मिळाली. मानद म्हणजे जिच्यात खिडकी नसते ती. पाकीट त्या खोलीतल्या कपाटात राहिलं. आणि या वर्षी एक दिवस त्यांनी मुलीला फोन केला. "झालं. सात प्रश्न. याहून कमी होत नाही, मी करून पाहिलं. माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला पाकीट उघडायचं. तू ये. सही तुझी आहे, तूच फोड."

वाढदिवसाला आठ दिवस राहिले होते तेव्हा, मंगळवारी, दुपारी जेवणं झाल्यावर बाबांच्या छातीत दुखायला लागलं.

आत्या त्यांच्याकडेच राहायची. ती म्हणाली, "चप्पल घाल. दवाखान्यात चल." आत्या चाळीस वर्षं हेच म्हणत आली होती; शिंकेलाही तिचं तेच औषध. बाबा म्हणाले, "थांब. आधी झाडाला विचारू." स्वतःच स्वतःला प्रश्न विचारले की उत्तरं फितूर होतात, म्हणून त्यांनी मुलीला ग्रंथालयात फोन लावला. ती तिथे नव्या पुस्तकांची नोंदणी करते. सात प्रश्नांची प्रत तिच्या टेबलाच्या काचेखाली होती.

"वीस मिनिटांच्या वर झालं?"

"पंधरा."

"हातात किंवा जबड्यात कळ जातेय?"

"नाही."

"घाम येतोय?"

"पंखा चालू आहे, घाम कसला येतोय? नाही लिही."

तिने 'नाही'वर बोट ठेवलं. पुढचे चार प्रश्न विचारले. पान आलं. त्यावर बाबांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: घरी थांबा, उद्या दाखवा.

"बघ," बाबा फोन कानाशी धरूनच शेजारच्या आत्याला म्हणाले, "झाड माझ्या बाजूने आहे."

चारच्या आत ते गेले.

त्यानंतर तेवीस दिवस मुलीला एकच आकडा हवा होता. झाड 'घरी थांबा' म्हणतं तेव्हा किती वेळा चुकतं? नऊशे साठ कागदांवरचा आकडा तिला ठाऊक होता, पण तो घरचा अभ्यास. खरा आकडा पाकिटात होता. झाड क्वचित चुकत असेल, तर मग चूक त्या तिसऱ्या प्रश्नाला झाली होती, आणि तो प्रश्न तिने विचारला होता. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. सभेनंतर पाकीट मागून न्यायचं आणि बाबांच्या हिशोबाने एकदाच चालवायचं, असं तिने ठरवलं होतं.

सभा संपल्यावर घोकूने तिला आपल्या खोलीत बोलावलं. आत्या म्हणाली, "मी बाहेर बाकावर बसते. आत बसले तर बोलेन."

"बसा, ताई," घोकू म्हणाला. वीस वर्षं तो तिला 'अगं' म्हणत आला होता. तो संशोधन करत होता तेव्हा आठवड्यातून चारदा त्यांच्याकडे जेवायला असे, आणि तिच्या ताटातला पापड न विचारता उचलत असे. खुर्ची मोठी झाली तशी ती ताई झाली. ती मात्र त्याला अजून दादाच म्हणे. तिला बढती द्यायचं काही कारण दिसलं नव्हतं.

"एक आनंदाची बातमी आहे," घोकू म्हणाला, आणि आज काय दिवस आहे ते आठवून त्याने चेहरा सावरला. "म्हणजे, दुःखातली आनंदाची. सरांचा निबंध पूर्ण केला मी. रात्रंदिवस बसून. मोठ्या नियतकालिकाने तत्त्वतः घेतलाय. सरांचं नाव पहिलं, माझं नंतर. मी आग्रहच धरला."

"कोणाशी?"

"अं?"

"आग्रह कोणाशी धरलात? नावं दोनच आहेत ना?"

घोकू हसला. "तुम्ही अगदी सरांवर गेलात हो. बरं, लेखक हयात नसला की नियतकालिकाला वारसाची संमती लागते. हा मसुदा. वाचा, काही बदल नसेल तर यावरच सही केलीत तरी चालेल, पक्का मी करून घेतो. आणि निबंध आला की या सभागृहाला सरांचं नाव. ठरावच तयार आहे." त्याने तीन पानं तिच्यापुढे सरकवली. "सत्त्याण्णव टक्के, ताई! दोनशे चाळीसपैकी दोनशे तेहेतीस बरोबर! असं झाड कोणी केलेलं नाही आजवर."

म्हणजे पाकीट उघडलं होतं.

"पाकीट बघू."

"आहे ना, जपून ठेवलंय!" घोकूने कपाटातून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. तोंडावरची चिकटपट्टी पिवळी पडली होती आणि तिच्यावर चौदा वर्षांच्या मुलीची गोल, लांब शेपटीची सही अगदी जागच्या जागी होती. पाकीट तळाशी ब्लेडने कापून पुन्हा चिकटवलेलं होतं. दाराला कुलूप तसंच, आणि मागची भिंत गायब.

"तुमची सही खराब होऊ नये म्हणून खालून उघडलं," घोकू म्हणाला. "शेवटी भावना असतात."

"झाडात प्रश्न किती आहेत, दादा?"

"अकरा."

"बाबांचे सात होते."

"थोडी डागडुजी केली. सरांची छाटणी जरा कडकच होती. तुम्हाला माहितीये त्यांचा स्वभाव."

"डागडुजी पाकीट उघडायच्या आधी की नंतर?"

घोकूने पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता. तरी तो प्यायला. "हे जरा तांत्रिक आहे, ताई."

"असेल. मी फक्त ते पाकीट बंद केलं होतं. बाबांचं सात प्रश्नांचं झाड, जसंच्या तसं, पहिल्यांदा चालवलंत तेव्हा किती आलं?"

"ते असं काही जपून ठेवत नाही आपण. सत्तर-पंचाहत्तर, असंच काहीतरी. आठवत नाही आता. ते छापलं असतं तर लोक हसले असते. बावीस वर्षं पाकीट आणि त्यातून निघालं काय! मी सरांना वाचवलं, ताई."

'वाचवलं' हा शब्द मुलीने मनात एकदा उलटसुलट करून पाहिला आणि ठेवून दिला. एक आकडा तिला हवा होता. तो या माणसाने बघितला होता आणि टाकून दिला होता. पाकीट दुसऱ्यांदा पहिल्यांदा उघडता येत नाही. तिने पेन हातात घेतलं. घोकूची खुर्ची समाधानाने मागे रेलली.

मग तिने पहिलं पान उलटलं. यात काही हुशारी नव्हती. ज्या घरात वाणसामानाची यादीही समीकरणांच्या पाठीवर लिहिली जायची, त्या घरातलं माणूस कुठलाही कागद हातात आला की आधी त्याची मागची बाजू बघतं. तिला शाळेत प्रगतिपुस्तक मिळालं तेव्हाही तिने तेच केलं होतं.

मागे फिकट छपाईत होतं: चाचणी १. प्रश्न ७. रुग्ण २४०. बरोबर १८७. चूक ५३. खाली आणखी दोन ओळी. दाखल करा: १२६, त्यात चूक ३४. घरी थांबा: ११४, त्यात चूक १९.

तिने ते दोनदा वाचलं. मग दुसरं पान उलटलं: चाचणी ४, प्रश्न ९. तिसरं: चाचणी ९, प्रश्न ११, बरोबर २३३.

सरांची शिकवण विभाग खरोखरच विसरला नव्हता.

"नऊ वेळा," ती म्हणाली.

घोकूने मान लांब करून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "दर वेळी थोडी थोडी सुधारणा..."

"पेपर बघून नऊ वेळा त्याच परीक्षेला बसलात. आणि नवव्यांदा सत्त्याण्णव मिळाले. तीन कुठे गेले, दादा?"

"अगं, सगळे असंच करतात!" ताई गेली, अगं परत आली.

"मग सगळ्यांच्या नावाने छापा."

"तू भावनेच्या भरात बोलतेयस. सभागृहाचा विचार कर. सरांना जन्मभर काही मिळालं नाही, आता कुठे..."

"अठ्ठ्याहत्तर टक्के, सात प्रश्न, पाकीट एकदाच उघडलेलं. असं लिहा. आत्ता सही करते."

"अठ्ठ्याहत्तर कोण छापणार?"

"मग राहू द्या." तिने पेनाला टोपण लावलं. "एक विचारू? तुमच्या अकरा प्रश्नांत 'पंखा चालू आहे का' असा एखादा आहे?"

"पंखा?" घोकूने वर छताकडे बघितलं. "कसला पंखा?"

"नसणारच." ती उठली. तिने पहिलं पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि पाकीट काखेत मारलं.

"अगं, ते पान संमतिपत्राचं आहे! तसं नेता येत नाही."

"पुढची बाजू तुमची, दादा," ती म्हणाली. "मागची बाबांची आहे."

बाहेर बाकावर आत्या पर्समधल्या लवंगा मोजत असल्यासारखी बसली होती. "सभागृह मिळालं?"

"नाही."

"बरं झालं. तिथल्या खुर्च्यांनी पाठ मोडते. भाऊच्या नावाने शिव्या घातल्या असत्या लोकांनी."

घरी आल्यावर मुलीने बाबांच्या खोलीत त्यांची वही काढली. ज्या पानावर सात प्रश्नांचं झाड होतं त्याच्या समोरच्या पानावर त्यांनी फुटपट्टीने चौकट आखून ठेवली होती. रुग्ण, बरोबर, घरी थांबा, त्यात चूक. पुढे मोकळी जागा. तळाला: तारीख, उघडणाऱ्याची सही. त्या मंगळवारपासून या खोलीतला पंखा कोणी लावला नव्हता. तसं कोणी ठरवलं नव्हतं. दोघी पदराने आणि वर्तमानपत्राने वारा घेत होत्या.

आत्या दारात येऊन उभी राहिली. "काय निघालं मग त्या पाकिटातून?"

"झाडाने एकशे चौदा जणांना घरी थांबा म्हटलं. त्यातले एकोणीस जण थांबायला नको होते."

"माणसात सांग."

"सहांत एक."

आत्या पलंगाच्या कडेवर टेकली. "म्हणजे फासा टाकायचा. आणि मी 'चप्पल घाल' म्हणत होते, ते कितव्या टक्क्यात येतं?"

"तुझं कोणी मोजलं नाही, आत्या."

"मोजायला हवं होतं," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षांची माहिती होती माझ्याकडे." थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला घाम येत होता गं. मानेवर. पंख्याने वाळत होता, एवढंच. मी बघितलं होतं. पण तो म्हणाला, मध्ये बोलू नकोस, प्रश्न चाललेत."

मुलीने वहीतून मान वर केली नाही. आकडा हातात आला की तो काहीतरी सांगेल, अशी तिची समजूत होती. आकडा म्हणत होता: सहांत एक. तो झाडाचा दोष होता, की तिसऱ्या प्रश्नाचा, की 'नाही'वर बोट ठेवणाऱ्या मुलीचा, की मध्ये न बोललेल्या बहिणीचा, हे त्यात नव्हतं. एवढं खरं, की झाडाचं चुकणं 'क्वचित' नव्हतं. आणि बाबांना तो कळला असता तर त्यांनी आनंदाने आठवा प्रश्न शोधायला घेतला असता, नवे कागद आणले असते, नवं पाकीट बंद करायला तिला बोलावलं असतं.

तिने चौकटीत लिहायला सुरुवात केली. रुग्ण: २४०. बरोबर: १८७. घरी थांबा: इथे पेन थांबलं. एकशे चौदाचे एकशे पंधरा आणि एकोणीसचे वीस करावेत, असं तिला फार वाटलं. पण बाबा त्या पाकिटात नव्हते. आणि पाकिटाबाहेरचं काही त्यात मिळवायचं नसतं, मग ते कितीही आपलं असलं तरी. हे तिला चौदाव्या वर्षी, जमिनीवर बसून, हातात कात्री घेऊन शिकवलेलं होतं.

तिने ११४ लिहिलं. १९ लिहिलं. तारीख घातली. 'उघडणाऱ्याची सही' या ओळीपुढे तिने घोकूचं नाव लिहिलं, कारण पाकीट त्यानेच उघडलं होतं. त्याखाली एक ओळ बाबांनी आखलेली नव्हती. ती तिने फुटपट्टीने आखली, तिच्यापुढे 'बंद करणारी' असं लिहिलं, आणि आपली ती जुनी, लांब शेपटीची सही केली. इतक्या वर्षांनी ती तिलाही नीट जमली नाही.